सात ते चार ठिपके आणि सोन्यावरची रेणूंची रांगोळी

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कुणालाही ‘सात ते चार’ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. मधल्या ओळीत सात ठिपके, मग वर आणि खाली सहा, पाच, चार. प्रत्येक ओळीतला ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधोमध. एकूण ३७ ठिपके. असे ठिपके पडले की सहा पाकळ्यांचं कमळ हाताला सहज येतं. तेच ठिपके चौकटीत, एकाखाली एक मांडले तर आकृती निराळ्या होतात. रेषा ओढणारा हात तोच असतो, पण त्याला काय काढता येईल ते ठिपके बऱ्याच अंशी आधीच ठरवून ठेवतात.

सोन्याच्या स्फटिकाला अनेक पैलू असतात. त्यातल्या एका पैलूवर, ज्याला शास्त्रज्ञ ‘१११’ म्हणतात, सोन्याचे अणू हुबेहूब सात ते चारच्या पद्धतीने बसलेले असतात. दोन शेजारच्या अणूंच्या केंद्रांमधलं अंतर ०.२८८ नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या ठिपक्यांवर काही रेणू आपणहून येऊन बसतात आणि कुणी न मांडता एका रेणूइतक्या जाडीचा शिस्तशीर थर तयार होतो. याला स्वयंरचित एकरेणवीय थर म्हणतात. खालचा धातू कसा आहे यावर हा थर कसा बसेल ते किती अवलंबून असतं, आणि ते नातं एकतर्फी का नाही, हे मला इथे सांगायचं आहे.

आधी रेणूंची ओळख. घरात गॅस गळला की जो उग्र वास येतो, तो स्वयंपाकाच्या गॅसचा स्वतःचा नसतो. गळती लक्षात यावी म्हणून त्यात मुद्दाम एक द्रव्य मिसळतात. ते थायॉल या कुळातलं असतं. थायॉलच्या एका टोकाला गंधकाचा अणू असतो आणि त्याला जोडून कार्बनची साखळी. गॅसमधल्या थायॉलची साखळी दोनच कार्बनची, म्हणून तो चटकन हवेत उडतो. प्रयोगशाळेत या कामासाठी दहा, बारा, सोळा, अठरा कार्बनच्या लांब साखळ्या वापरतात.

गंधकाला नाणी-दागिन्यांच्या धातूंची ओढ असते. देवघरातली चांदीची निरांजनं काळी पडतात ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळेच. सोनं असं काळं पडत नाही, पण थायॉलचा गंधक त्यालाही घट्ट धरतो. ही पकड कार्बन-कार्बन बंधाच्या साधारण निम्म्या ताकदीची असते. म्हणजे रेणू धुऊन जाणार नाही इतकी पक्की, पण चुकीच्या जागी बसलेल्याला सरकून जागा बदलता येईल इतकी सैल. ही मधली ताकद फार महत्त्वाची आहे. पकड याहून पक्की असती तर जो जिथे पडला तिथेच अडकला असता आणि शिस्त कधी आलीच नसती.

कृती ऐकायला अगदी साधी आहे. लिटरभर इथाइल अल्कोहोलमध्ये सोळा कार्बनचा थायॉल पाव ग्रॅमच्या आसपास विरघळवायचा, सोन्याचा मुलामा दिलेली काचेची पट्टी त्यात बुडवायची आणि रात्रभर ठेवून द्यायची. सकाळी अल्कोहोलने धुऊन नायट्रोजनच्या झोताने वाळवायची. पट्टीवर पाण्याचा थेंब सोडला की तो पसरत नाही, अळवाच्या पानावर राहावा तसा फुगून राहतो. पृष्ठभागाशी त्याचा कोन ११० अंशांच्या आसपास भरतो. थराची जाडी असते अवघी दोन नॅनोमीटर, आणि तेवढ्याने धातूचा पाण्याशी वागण्याचा स्वभाव पार बदलून जातो. पृष्ठभाग भरतो काही मिनिटांतच, पण रेणूंना नीट रांगेत यायला तास लागतात. रात्र लागते ती त्यासाठी.

१९४६ मध्ये बिगेलो, पिकेट आणि झिसमन यांनी दाखवलं होतं की तेलात विरघळलेले रेणू प्लॅटिनमसारख्या पृष्ठभागावर आपणहून असा थर करतात. सोनं आणि गंधक ही जोडी पुढे आली ती १९८३ मध्ये, बेल लॅब्जमधल्या राल्फ नझो आणि डेव्हिड अलारा यांच्या कामातून. मग हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने थायॉल वापरून हे क्षेत्र खूप विस्तारलं. पण अणू एकेक करून पाहण्याची सोय झाली ती आयबीएमच्या झुरिकमधल्या प्रयोगशाळेत १९८१ मध्ये गेर्ड बिनिग आणि हाइनरिक रोरर यांनी केलेल्या सूक्ष्मदर्शकामुळे. त्यात भिंग नसतं. अणकुचीदार सुई पृष्ठभागाच्या इतकी जवळ नेतात की स्पर्श न होताही मधल्या फटीतून थोडा विद्युतप्रवाह झिरपतो. फट ०.१ नॅनोमीटरने वाढली की हा प्रवाह जवळजवळ दहापट घटतो, म्हणून एका अणूचा उंचवटाही कळतो. त्या दोघांना १९८६ मध्ये नोबेल मिळालं. आपण आता जे पाहणार आहोत ते बहुतेक या सुईनेच दिसलेलं आहे.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि सात ते चारचे ठिपके काढा. मधल्या ठिपक्याला गोल करा. त्याच्या अगदी जवळचे सहा ठिपके सोडून द्या. त्याबाहेरच्या फेरीत बारा ठिपके आहेत. त्यांतले कोपऱ्यांवरचे सहा सोडा आणि कडांच्या मधले सहा गोल करा. शेवटच्या फेरीतले मात्र फक्त सहा कोपरे गोल करा. मोजा. ३७ पैकी १३ ठिपके गोल झाले, म्हणजे साधारण तिनात एक. गोल केलेले ठिपके एकमेकांशी पुन्हा तशीच षटकोनी जाळी करतात, फक्त ही जाळी थोडी मोठी आहे आणि मूळ जाळीच्या मानाने ३० अंशांत फिरलेली आहे. थायॉलचे गंधक सोन्यावर बसतात ते याच जाळीत. दोन गंधकांमधलं अंतर मूळ अंतराच्या तीनच्या वर्गमुळाइतक्या पट, म्हणजे ०.५ नॅनोमीटर.

इथे एक अडचण उभी राहते. कार्बनच्या साखळ्या एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या तर प्रत्येकीला सुमारे ०.१८ ते ०.१९ चौरस नॅनोमीटर जागा पुरते. सोन्याच्या जाळीत प्रत्येकीच्या वाट्याला येते ०.२१६. जागा थोडी जास्तच झाली. साखळ्यांना तर एकमेकींना खेटून राहायचं असतं, त्यातच त्यांची ऊर्जा कमी होते. पाय हलवता येत नाहीत, कारण गंधक जाळीला बांधलेला. मग त्या सगळ्या मिळून एकाच दिशेला कलतात, वाऱ्याने शिवारातली ज्वारी एकजात कलावी तशा. कलल्या की त्यांच्यातलं काटकोनातलं अंतर कमी होतं आणि अंगाला अंग लागतं. हा कल साधारण ३० अंशांचा असतो. (वरच्या जाळीच्या ३० अंशांशी याचा काही संबंध नाही. आकडा योगायोगाने सारखा आला आहे.) थायॉलच्या रेणूत कललेपणा लिहिलेला कुठेच नाही. तो खालच्या धातूच्या ठिपक्यांनी आणलेला आहे.

चांदीवर काय होतं ते पाहिलं की हे आणखी पटतं, आणि थोडं गुंतागुंतीचंही होतं. चांदीच्या १११ पैलूवर अणूंमधलं अंतर ०.२८९ नॅनोमीटर, म्हणजे सोन्यासारखंच. ठिपके तेच, रेणू तेच, मग रांगोळीही तीच यायला हवी. पण येत नाही. चांदीवर गंधक एकमेकांच्या अधिक जवळ बसतात, ०.४७ नॅनोमीटरच्या आसपास, आणि साखळ्या जवळजवळ सरळ उभ्या राहतात. कल उरतो दहा-बारा अंशांचा. तांब्यावरही त्या तशाच ताठ असतात. म्हणजे पृष्ठभागाची रचना याचा अर्थ नुसता ठिपक्यांमधल्या अंतराचा हिशेब नाही. गंधकाला कुठली जागा किती सोयीची, एका जागेवरून दुसरीकडे सरकायला किती कष्ट, धातूचे वरचे अणू स्वतः किती हलायला तयार, हे सगळं त्यात येतं. नुसती जाळी पाहून थर सांगता येईल असं ज्याला वाटतं, त्याने सोनं आणि चांदी शेजारी ठेवून पाहावीत.

या रेणूंना उभं राहण्याची मुळात घाई नसते. १९९६ मध्ये पॉयरिअर आणि पायलंट यांनी निर्वात पेटीत थायॉलची वाफ थोडी थोडी सोडत सोन्याचं निरीक्षण केलं. सुरुवातीला रेणू सोन्यावर आडवे पडून समांतर पट्टे करतात, कारण साखळीलाही धातूचा थोडा लळा असतो. संख्या वाढत गेली की आडवं पडायला जागा उरत नाही आणि मग ते उभे राहू लागतात. रात्रीच्या शेवटच्या लोकलमध्ये बाकावर ताणून दिलेला माणूस गर्दी चढली की उठून बसतो, तसंच काहीसं. उभे राहिलेल्यांची बेटं आडव्यांच्या पट्ट्यांमध्ये उगवतात, वाढतात आणि एकमेकांना येऊन भिडतात. प्रत्येक बेटाचा कल वेगळ्या दिशेला असू शकतो, म्हणून जिथे दोन बेटं भिडतात तिथे सांधा राहतो. हे सांधे ध्यानात ठेवा.

आतापर्यंत मी सोन्याचे ठिपके स्थिर असल्यासारखं लिहिलं. खरं म्हणजे उघडं, स्वच्छ सोनं मुळीच शांत बसलेलं नसतं. सर्वांत वरच्या थरातल्या अणूंना वर शेजारी नाहीत, त्यामुळे ते एकमेकांच्या आणखी जवळ सरकू पाहतात. खालच्या थरात जिथे २२ अणू आहेत, तेवढ्याच लांबीत वरच्या थरात २३ अणू दाटीने बसतात. २२ जणांच्या बाकावर २३ जण बसले की कुणीतरी थोडं वर उचललं जाणारच. इथेही तेच होतं. काही अणू खालच्या खळग्यांत नीट बसतात, काही खळग्यांच्या मधल्या उंचवट्यावर राहतात, आणि पृष्ठभागावर ०.०२ नॅनोमीटर उंचीच्या जोडरेघा उमटतात. दर ६.३ नॅनोमीटरला हीच नक्षी पुन्हा येते. शिवाय या रेघा काही अंतराने वळतात, त्यामुळे सुईखाली पृष्ठभाग माशाच्या काट्यासारखा नागमोडी दिसतो. रेघा जिथे वळतात त्या कोपरांवर अणूंची बसणी थोडी विस्कटलेली असते, आणि बाहेरून आलेल्याला पाय रोवायला तीच जागा बरी पडते. सोन्यावर निकेलचे अणू सोडले तर त्यांची बेटं या कोपरांवरच रांगेने उगवतात, हे १९९१ मध्ये दिसलं. दोन शतांश नॅनोमीटरचा उंचवटा पाहुण्यांना जागा नेमून देतो, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

आता त्यावर थायॉल आले की हा माशाचा काटा नाहीसा होतो. गंधकाने वरच्या अणूंना शेजारी मिळवून दिला, दाटी करायचं कारण संपलं आणि वरचा थर सैल होऊन खालच्या थराशी जुळला. दाटीतला तेविसावा अणू बाहेर फेकला गेला. त्याच वेळी सुईखाली आणखी एक गोष्ट दिसते. थराखालच्या सोन्यात ठिकठिकाणी खड्डे पडलेले असतात, बरोबर एका अणूइतके, म्हणजे ०.२४ नॅनोमीटर खोल. सुरुवातीला वाटलं की थायॉल सोन्याला कुरतडतो. पण खरी गोष्ट निराळी निघाली. गंधक नुसता ठिपक्यांवर बसत नाही, तो सोन्याचा एक अणू वर ओढून घेतो, आणि दोन गंधक त्या अणूला दोन बाजूंनी धरतात. आकार कागदाला मारलेल्या स्टेपलच्या पिनेसारखा. २००६ मध्ये सोन्याच्या पृष्ठभागावर लहान थायॉलच्या बाबतीत अशा जोड्या दिसल्या. २००७ मध्ये स्टॅनफर्डमध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांच्या गटाने १०२ सोन्याचे अणू आणि ४४ थायॉल असलेल्या नॅनोकणाचा स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली, तेव्हा त्यातही कणाच्या अंगावर या पिना मारलेल्या होत्या.

हिशेब करून पाहू. पृष्ठभागावर सोन्याचे १०० अणू असतील तर तिनात एक या प्रमाणात ३३ गंधक बसतात. प्रत्येक दोन गंधकांमागे सोन्याचा एक अणू लागला तर १६-१७ अणू हवेत. दाटी मोडल्यावर बाहेर पडतात जेमतेम चार. उरलेले कुठून आणायचे? सपाट जमिनीतूनच उपसायचे. खड्डे पडतात त्यामागे हे एक मोठं कारण. लांब साखळ्यांच्या भरगच्च थरात प्रत्येक गंधकाखाली नेमकी अशीच पिन असते का, यावर अजून वाद चालू आहे. पण ठिपके रांगोळी ठरवतात आणि रांगोळी उलट ठिपके हलवते, एवढं आता नक्की म्हणता येतं.

हे सगळं गंधकापुरतंच आहे असं नाही. कार्बोक्झिलिक आम्लाचे सपाट रेणू सोन्याच्या १११ पैलूवर ठेवले तर ते अखंड राहतात आणि हायड्रोजन बंधांनी एकमेकांचे हात धरून जाळी विणतात. तेच रेणू तांब्यावर ठेवले की साध्या तापमानालाही तांबं त्यांचा आम्लधर्मी हायड्रोजन सोडवून घेतं. हात धरायला लागणारी वस्तूच गेली, आणि मग वेगळी आकृती.

इतका वेळ आपण परिपूर्ण स्फटिकाबद्दल बोललो. वापरातलं सोनं तसं नसतं. काचेवर किंवा सिलिकॉनवर आधी क्रोमियम वा टायटॅनियमचा पातळ लेप, म्हणजे सोनं धरून राहील, आणि त्यावर सोन्याची वाफ. असा मुलामा असंख्य बारीक कणांचा बनलेला असतो, काही दहा नॅनोमीटर रुंदीच्या. प्रत्येक कणाचा माथा घुमटासारखा, दोन कणांमध्ये घळ. आणि सपाट दिसणारा माथाही मावळातल्या भातखाचरांसारखा पायऱ्यापायऱ्यांचा, प्रत्येक बांध एका अणूच्या उंचीचा. साखळ्या खाचरात शिस्तीने उभ्या राहतात, पण बांधावर आणि घळीत त्यांची रांग मोडते. दोन नॅनोमीटर जाडीचा थर आणि त्याहून खोल घळी, असा हा मामला.

ज्याला थराकडून काम करून घ्यायचं आहे त्याला या मोडलेल्या जागाच भोवतात. धातू गंजू नये म्हणून थर दिला तर पाणी आणि ऑक्सिजन आधी घळीतून, बांधावरून आणि मघाच्या सांध्यांतून आत शिरतात. थरातले रेणू बदलून दुसरे बसवायचे असतील तर अदलाबदलही तिथूनच सुरू होते. रक्तातलं एखादं प्रथिन पकडणारा संवेदक करताना थायॉलच्या मोकळ्या टोकाला प्रतिपिंड बांधतात. तिथे थर विरळ असला तर नको ती प्रथिनंही सोन्याला येऊन चिकटतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून २००२ मध्ये अशा थरांच्या जैवसंवेदकांतल्या वापराचा एक आढावा प्रसिद्ध झाला होता, म्हणजे आपल्याकडेही हा विषय बराच काळ हाताळला जातो आहे. सर्वांत कडक परीक्षा मात्र रेणूंतून वीज वाहते कशी ते मोजणाऱ्यांची. थरावर दुसरा धातू टेकवायचा आणि मध्ये फक्त दोन नॅनोमीटर साखळी. कुठे एक उंचवटा आला, एक घळ राहिली, की दोन्ही धातू एकमेकांना भिडतात आणि मोजमाप वाया जातं.

यावर निघालेला उपाय स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला लगेच कळेल. नारळाच्या वड्या ताटात थापल्या की वरची बाजू कितीही सारखी केली तरी खडबडीत राहते. ताटाला टेकलेली खालची बाजू मात्र ताटाइतकीच गुळगुळीत निघते. सोन्याचंही तसंच करतात. नितळ घासलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर किंवा ताज्या सोललेल्या अभ्रकावर सोन्याची वाफ बसू देतात, मध्ये क्रोमियम न घालता, म्हणजे सोनं खाली पक्कं चिकटत नाही. अभ्रकावर करताना तो तापवतात, त्यामुळे सोन्याचे कण मोठे आणि पैलू सपाट होतात. मग सोन्याच्या खडबडीत वरच्या बाजूला इपॉक्सी लावून काचेचा तुकडा डकवतात आणि तो घट्ट होऊ देतात. शेवटी काच उचलली की सोनं काचेबरोबर सुटून येतं, उलटं होऊन, आणि आतापर्यंत सिलिकॉनला टेकलेली बाजू वर येते. ही रीत हेग्नर, वॅग्नर आणि सेमेंझा यांनी १९९३ मध्ये अभ्रकावर सोनं घेऊन मांडली. अशा सोन्यावर कणांमधल्या घळी जवळजवळ भरलेल्या असतात आणि त्यावर केलेल्या थरांत धातूला धातू भिडण्याचं प्रमाण खूप कमी होतं.

या बाजूचा आणखी एक फायदा आहे. काच उचलण्याच्या क्षणापर्यंत तिला हवा लागलेली नसते. आठवड्यापूर्वी बसवलेलं सोनं असलं तरी आत ते ताजंच. पण हवा लागताक्षणी तिच्यातले तेलकट रेणू त्या ठिपक्यांवर येऊन बसू लागतात, आणि थायॉलला मग त्यांना हुसकून जागा करून घ्यावी लागते. म्हणून थायॉलच्या द्रावणाची बाटली आधी उघडून शेजारी ठेवतात आणि मगच सुरीचं टोक काचेच्या कडेखाली घालतात.